रात्री दहाच्या आधी आणि नंतर : आवाजाचे नियम, शेजारधर्म आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यातल्या एका गृहनिर्माण सोसायटीचा मी सहा वर्षं सेक्रेटरी होतो. पाणी, पार्किंग आणि गळती हे तीन विषय कोणत्याही कमिटीच्या पाचवीला पुजलेले असतात, पण रात्री साडेअकराला दाराची बेल वाजली की कारण बहुतेक वेळा आवाजाचंच असायचं. लोक विचारायचे ते प्रश्नही ठरलेले. त्यांची उत्तरं एकदाच नीट लिहून काढावीत म्हणून हा खटाटोप. नियम केंद्र सरकारचे आहेत, त्यामुळे कोल्हापूर, नागपूर, पणजी सगळीकडे तेच लागू. परवानगी देणारा अधिकारी मात्र जागेनुसार बदलतो.

पुढे जाण्याआधी एक फरक डोक्यात ठेवा. काही आवाज भोंग्याचे असतात, काही भिंतीचे. डीजे, लाउडस्पीकर, फटाके, रात्रीचं बांधकाम हे भोंग्याचे आवाज. त्यांच्यासाठी कायदा आहे आणि तो वापरायला लाजू नये. वरच्यांची खुर्ची, शेजारच्यांचा मिक्सर, भिंतीत ठोकलेला खिळा हे भिंतीचे आवाज. तिथे पोलिसांना बोलावलं की आवाज राहतो आणि शेजार जातो. माझ्यासमोर आलेली निम्मी भांडणं केवळ या दोहोंची गल्लत केल्यामुळे चिघळली होती.

आवाजाचा कायदा म्हणजे नेमका कोणता?

ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २०००. हे नियम १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाखाली १४ फेब्रुवारी २००० रोजी आले. त्यानंतर वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या. त्यातली २०१० ची आपल्या सगळ्यात कामाची, कारण हॉर्न, रात्रीचं बांधकाम आणि घरातली खासगी साउंड सिस्टीम तिच्यामुळे नियमांत स्पष्टपणे आली.

या नियमांना खरी धार आणली ती सर्वोच्च न्यायालयाच्या १८ जुलै २००५ च्या निकालाने. त्यामागची हकिकत फार थोड्यांना ठाऊक असते. १९९८ च्या जानेवारीत एक बातमी आली होती. १३ वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार झाला, आणि शेजारी लाउडस्पीकरवर जोरात गाणी चालू असल्यामुळे तिचा आक्रोश कोणालाही ऐकू गेला नाही. त्याच संध्याकाळी तिने स्वतःला जाळून घेतलं. ती बातमी वाचून अनिल मित्तल नावाचे एक इंजिनिअर न्यायालयात गेले. सरन्यायाधीश लाहोटी आणि न्यायमूर्ती भान यांनी निकालात स्पष्ट केलं की बोलण्याचा हक्क सर्वांना आहे, पण यंत्राने आवाज वाढवून तो दुसऱ्याच्या कानात कोंबण्याचा मूलभूत हक्क कोणालाही नाही. ‘एक दिवस आवाज झाला तर बिघडलं कुठे’ असं कोणी म्हणालं की मला हा खटला आठवतो.

रात्री दहापर्यंत कितीही मोठ्याने वाजवायची मोकळीक असते ना?

नाही. आपल्याकडे सर्वांत घट्ट रुजलेला गैरसमज हाच. दहा वाजता बंदी सुरू होते, याचा अर्थ दहाच्या आधी रान मोकळं असा होत नाही.

नियमांत दिवस सकाळी ६ ते रात्री १० असा धरला आहे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, बाजारपेठेच्या म्हणजे व्यापारी भागात ६५ आणि ५५, औद्योगिक भागात ७५ आणि ७०, शांतता क्षेत्रात ५० आणि ४० ही मर्यादा. लाउडस्पीकर लावायचा तर दिवसासुद्धा लेखी परवानगी लागते. परवानगी मिळाली तरी सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त, किंवा ७५ डेसिबल, यांतलं जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. म्हणजे निवासी भागातल्या मैदानाच्या कुंपणापाशी दिवसा ६५. खासगी जागेला सवलत आणखी कमी, फक्त ५ डेसिबलची. तुमच्या बंगल्याच्या किंवा घराच्या हद्दीवर दिवसा ६०, रात्री ५०.

आता वरातीतला डीजे डोळ्यांपुढे आणा. तो संध्याकाळी सातलाही नियमात बसत नाही.

५५ डेसिबल म्हणजे नक्की किती? मला आकडे कळत नाहीत.

समोरासमोर बसून आपण बोलतो तो आवाज साधारण ६० डेसिबलच्या आसपास असतो. डेसिबलचा हिशेब बाजारातल्या वजनकाट्यासारखा नसतो, इथेच सगळ्यांची फसगत होते. आकडा ३ ने वाढला की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, १० ने वाढला की दहापट. कानाला मात्र १० ची वाढ साधारण दुप्पट मोठी वाटते. म्हणून ‘६५ च्या जागी ७५ झाले, दहाच तर वाढले’ हा युक्तिवाद टिकत नाही.

नियमातला आकडा ठरावीक वेळेच्या सरासरीचा असतो. कुकरची एक शिटी झाली म्हणजे कायदा मोडला असं नव्हे.

उघड्या मैदानात स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. दोन्ही बाजूंना दहामजली इमारती असलेल्या गल्लीत हे गणित चालत नाही. आवाज भिंतींवर आपटत वर चढतो, आणि खाली नाचणाऱ्यांइतकाच त्रास सातव्या मजल्यावरच्या आजींना होतो.

मोबाइलमधल्या अ‍ॅपने मोजलेला आवाज पुरावा म्हणून चालतो का?

अंदाजासाठी चालतो, वादासाठी नाही. फोनचा माइक बोलणं टिपण्यासाठी बनवलेला असतो आणि मोठ्या आवाजाला तो गडबडतो. कायदेशीर मोजणी प्रमाणित ध्वनिमापकानेच होते. तरीही खिडकीत उभं राहून, घड्याळ दिसेल असा एखाद मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा. आकडा चुकेल, वेळ चुकणार नाही. आणि रात्री दहानंतर आकड्यापेक्षा वेळेलाच महत्त्व असतं.

रात्री दहा ते सकाळी सहा नेमकं काय काय बंद असतं?

लाउडस्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर आणि वाद्यं. निवासी भागात हॉर्न, जिवावरचा प्रसंग सोडून. निवासी भागात आवाज करणारी बांधकामाची यंत्रं. आवाजी फटाके. नेहमीचे अपवाद दोनच: सार्वजनिक आणीबाणी, आणि बंदिस्त जागेतला आतल्यांपुरता वापर, म्हणजे नाट्यगृह, सभागृह, मंगल कार्यालयाचा बंद हॉल वगैरे.

इथे लोक पळवाट शोधतात. गच्ची म्हणजे बंद हॉल नव्हे, वर ताडपत्री ताणली तरी. सोसायटीच्या क्लबहाउसच्या खिडक्या सताड उघड्या ठेवल्या तर ‘आतल्यांपुरता’ हा शब्दच उरत नाही.

पण गणपतीत तर बारापर्यंत चालतं.

काही दिवस, हो. सांस्कृतिक किंवा धार्मिक प्रसंगी रात्री १० ते १२ अशी सूट राज्य सरकार देऊ शकतं, वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवस. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये ही तरतूद ग्राह्य धरली. आपल्याकडे जिल्हाधिकारी दरवर्षी दिवस जाहीर करतात. त्यात गणेशोत्सवातले काही दिवस, नवरात्राचे शेवटचे दिवस, ३१ डिसेंबर असे दिवस सहसा असतात. वर्तमानपत्रात यादी आली की तिचा फोटो सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावून टाका, वर्षभराचे निम्मे वाद मिटतात.

ही सूट वेळेची आहे. त्या दिवशीही आवाजाच्या पातळीचं बंधन असतंच, आणि बारा म्हणजे बारा. शांतता क्षेत्राला ही सवलत नाही. लग्न, वाढदिवस, मुलगा परदेशातून आला, आपली टीम फायनल जिंकली, ही कारणं त्या १५ दिवसांत बसत नाहीत, हे मी हसत हसत कितीतरी यजमानांना सांगितलं आहे. ते हसले नाहीत.

ढोल-ताशा म्हणजे डीजे नव्हे. त्याला कसला नियम?

दहानंतरच्या बंदीत विजेवर चालणाऱ्या यंत्रांबरोबर वाद्यंही आहेत. त्यामुळे घड्याळ दोघांनाही सारखंच. बाकी भावना मला कळते. लक्ष्मी रोडवर पथक उभं राहिलं की अंगावर काटा येतो, हे नाकारणारा माणूस मी पाहिलेला नाही. २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने पुण्यातल्या पथकांत ३० जणांपेक्षा जास्त वादक नसावेत असं म्हटलं होतं, त्याला त्याच सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली.

मला सरावाचा मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो. मिरवणूक एका दिवसाची; तालीम मात्र जूनपासून रोज संध्याकाळी, आणि तीही नदीकाठच्या कुठल्यातरी सोसायटीसमोर. जी पथकं आधी आसपासच्या इमारतींत जाऊन वेळ सांगतात, साडेनऊला ठोका बंद करतात आणि दहावी-बारावीच्या फेरपरीक्षेच्या दिवसांत जागा बदलतात, त्यांच्याविरुद्ध कोणी तक्रार करत नाही. उलट सरावाला चहा जातो.

पहाटेची काकड आरती, अजान, सप्ताहाचं कीर्तन: धार्मिक आवाजाला वेगळा नियम आहे का?

नाही. सहाच्या आधी भोंगा लावायचा नाही. तो देवळाचा आहे, मशिदीचा आहे, की सार्वजनिक मंडळाचा, याने फरक पडत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये, ठाण्याचेच डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर, लाउडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असं नमूद केलं. जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्याच्या नेहरूनगरमधल्या रहिवाशांच्या याचिकेवर तेच पुन्हा सांगितलं. आरती करायला, अजान द्यायला, कीर्तन करायला कोणी मना करत नाही. बंधन आहे ते भोंग्यावर. आमच्या आळीतल्या विठ्ठल मंदिरात काकडा अजूनही पहाटे पाचला होतो, टाळ आणि गळ्यावर. ज्यांना ऐकायचा असतो ते उठून जातात.

हॉस्पिटलशेजारी राहतो. मग आमचा भाग आपोआप शांतता क्षेत्र होतो का?

पूर्वी रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्या सभोवतालचं किमान १०० मीटर क्षेत्र तसं धरलं जाई. ऑगस्ट २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने अधिसूचना काढलेली असेल तरच ते शांतता क्षेत्र. त्यामुळे तक्रारीत ‘शांतता क्षेत्र’ असा शब्द वापरण्याआधी महापालिकेकडे खात्री करून घ्या. समोरचा वकील पहिला हल्ला तिथेच चढवतो. अर्थात रस्त्यावर फलक असो वा नसो, आयसीयूच्या खिडकीखाली बँड थांबवून ‘एक गाणं होऊन जाऊ दे’ म्हणणाऱ्याला कायदा सांगून काय उपयोग.

तक्रार कुठे करायची? माझं नाव बाहेर फुटेल का?

चालू असलेल्या आवाजासाठी ११२ वर फोन. बोलताना तीन गोष्टी आधी सांगा: नेमका पत्ता आणि जवळची खूण, कसला आवाज, आणि किती वाजल्यापासून. ‘फार त्रास होतोय हो’ हे नंतर. तक्रारीचा क्रमांक मिळाला तर टिपून घ्या, निदान फोन केल्याची वेळ तरी. आवाज सतत होत असेल तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि प्रतीवर पोच घ्या. दुसरी प्रत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला पाठवता येते.

पातळीची तक्रार करायला आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त हवा, असं नियम म्हणतो. रात्रीच्या निर्बंधांचा भंग होत असेल तर ही अट नाही. म्हणून फोनवर ‘दहा वाजून गेलेत आणि स्पीकर चालू आहे’ हे वाक्य सर्वांत भक्कम.

नावाचं म्हणाल तर जानेवारी २०२५ च्या त्याच निकालात उच्च न्यायालयाने पोलिसांना बजावलं आहे की तक्रारदाराची ओळख पटवत बसू नये आणि ती समोरच्याला कळू देऊ नये. तरी माणसं माणसंच असतात. आमच्याकडे एकदा पोलीस आले आणि खाली उभं राहून मोठ्याने ‘चारशे दोनमधून फोन कोणी केला?’ असं विचारलं. तेव्हापासून मी लोकांना सांगत आलो, की एका घराने फोन करण्यापेक्षा चार मजल्यांवरून चार फोन जाऊ द्या.

पोलीस येतात, आवाज बंद होतो. ते गेले की पुन्हा सुरू. काय करायचं?

पुन्हा फोन. तितक्याच शांतपणे, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. प्रत्येक फोनची नोंद होते. त्या निकालात न्यायालयाने पायऱ्या सुचवल्या आहेत: पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा दंड, त्यानंतरही ऐकलं नाही तर लाउडस्पीकर जप्त आणि परवाना रद्द. पायऱ्या चढायच्या तर आधीच्या नोंदी लागतात. एकदाच फोन करून ‘पोलीस काही करत नाहीत’ असं ग्रुपवर लिहिणाऱ्यांनी दुसरा फोन केलेलाच नसतो.

शिक्षा किती?

पर्यावरण अधिनियमात पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होता. जन विश्वास कायद्यामुळे १ एप्रिल २०२४ पासून ते बदललं. आता १० हजार ते १५ लाख रुपये दंड. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९२ खाली सार्वजनिक उपद्रवाला एक हजारापर्यंत दंड आहे, आणि बंद करण्याचा आदेश झाल्यावरही तेच चालू ठेवलं तर कलम २९३ खाली सहा महिन्यांपर्यंत साधी कैद होऊ शकते.

इमारतीखालची पिठाची गिरणी, वेल्डिंगचं दुकान अशा रोजच्या त्रासासाठी आणखी एक मार्ग असतो: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत १३३) कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे अर्ज. वेळ लागतो, पण आदेश निघाला की त्याला वजन असतं.

वरच्या मजल्यावरून सतत धपधप, खरखर, गोट्या घरंगळल्यासारखा आवाज येतो. ते लोक मुद्दाम करतात का?

बहुधा नाही. आणि बरेचदा ‘ते लोक’ ते नसतातच.

मी स्वतः फजीत झालो आहे. सलग आठवडाभर रात्री पावणेअकराला डोक्यावर घरघर सुरू व्हायची. सात मिनिटं चालायची आणि थांबायची. आठव्या दिवशी मी तणतणत वर गेलो. दाराला कुलूप होतं. समोरच्या काकू म्हणाल्या, ते सगळे पंधरा दिवसांपासून गावी गेलेत. ती घरघर गच्चीवरच्या पंपाची होती. त्याच्या तळाचं रबर झिजलं होतं आणि थरथर पिलरमधून माझ्या छतात उतरत होती. शंभर-दोनशेच्या रबरी पॅडने काम झालं. त्या आठ दिवसांत मी मनातल्या मनात त्या घरातल्या माणसांना काय काय म्हणालो, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आवाज दोन वाटांनी येतो. टीव्ही, बोलणं, गाणं हे हवेतून येतं. खिडकी लावली, जाड पडदा सोडला की बरंच अडतं. पावलं, ओढलेली खुर्ची, पडलेलं भांडं, खलबत्ता हे लादीत शिरतं आणि सिमेंट-लोखंडातून लांब जातं. खालच्याने छताला थर्माकोल चिकटवून फारसा फायदा होत नाही, कारण हा आवाज जिथे जन्मतो तिथेच तोडावा लागतो. खुर्च्या-टेबलांच्या पायांना रबरी बूच किंवा फेल्टच्या चकत्या, मिक्सरखाली जाड रबरी मॅट, मुलांच्या खेळण्याच्या जागी सतरंजी, कुटायचं असेल तर खाली दुमडलेलं गोणपाट. आमच्या आजीला डेसिबल ठाऊक नव्हता, पण खलबत्त्याखाली पोतं घातल्याशिवाय तिने वेलची कधी कुटली नाही.

म्हणून आधी शोध घ्या. किती वाजता, किती वेळ, कोणत्या खोलीत, हे चार दिवस कागदावर लिहा. वॉचमनला विचारा. तिरक्या घरातला आवाजही डोक्यावरचाच वाटतो.

शेजाऱ्यांशी बोलायचं कसं? संबंध बिघडतील अशी भीती वाटते.

आवाज चालू असताना जाऊ नका. त्या वेळी तुम्ही चिडलेले असता आणि त्यांच्याकडे पाहुणे असतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जा, रिकाम्या हाताने गेलात तरी चालेल, पण मनात वाक्य तयार ठेवून.

‘तुम्ही रोज रात्री काय दंगा घालता हो?’ याने दार बंद होतं. ‘वहिनी, एक सांगायचं होतं. आमच्या बेडरूमच्या बरोबर वर तुमचं डायनिंग टेबल असावं. रात्री खुर्ची सरकली की बाबा दचकून उठतात. पायांना बूच लावता येतील का? मी आणलेत चार जास्तीचे.’ याने दार उघडं राहतं. समोर काका-काकू असतील तर त्यांना पहिल्यांदा बसू द्या, गुडघ्यांची चौकशी करा आणि मग विषय काढा. समोर भाड्याने राहणारी मुलं असतील तर थेट त्यांच्याशी बोला. पहिल्याच फटक्यात घरमालकाला फोन लावला तर ती अडून बसतात, आणि त्यांच्या जागी मीही बसलो असतो.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहू नका. ‘काही लोकांना कळत नाही’ असा मोघम मेसेज टाकला की ज्यांना कळायला हवं ते सोडून बाकी सगळ्यांना तो आपल्यावर आहे असं वाटतं.

एकदा बोलून झालं, महिना गेला, फरक नाही, तर मग कमिटीला लेखी द्या. कमिटी समज देऊ शकते, दोघांना एकत्र बसवू शकते. त्यापुढे तिच्या हातात फारसं नसतं. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींतही उपद्रवाच्या तक्रारीला पोलिसांचाच रस्ता दाखवला आहे. सेक्रेटरीला रात्री उठवून काही होत नाही. हे मी आता पद सोडल्यावर मोकळेपणाने सांगू शकतो.

शेजारच्या फ्लॅटमध्ये इंटिरिअरचं काम निघालंय. ड्रिल किती वेळ चालू शकतं?

रात्री दहा ते सहा तर नाहीच. दिवसाच्या वेळा सोसायटी सर्वसाधारण सभेत ठरवते. बहुतेक ठिकाणी साधारण सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद आणि रविवारी पूर्ण सुट्टी असा रिवाज असतो. तुमच्याकडे ठराव नसेल तर पुढच्या सभेत करून घ्या.

काम ज्यांच्या घरी आहे त्यांनी एक करावं: फरशी फोडणं, चर पाडणं अशी कानठळ्या बसवणारी कामं कोणत्या दोन-तीन दिवशी आहेत ते कंत्राटदाराकडून काढून घेऊन आजूबाजूच्या आठ-दहा घरांना आधी सांगावं. रात्रपाळी करून आलेली नर्स, तान्हं बाळ, दहावीचा मुलगा, यांना तारीख कळली तर ते दुसरीकडे सोय लावतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा चालू असताना कोणी काम काढू नये, असा अलिखित नियम आमच्या बिल्डिंगमध्ये होता. तो मोडणाऱ्या घरातच दोन वर्षांनी दहावीची परीक्षा आली.

तान्हं बाळ रात्रभर रडतं. कुत्रा भुंकतो. काय करावं?

बाळाचं काही करू नये. शक्य असेल तर त्याच्या आईला सकाळी चहा नेऊन द्यावा.

कुत्रा पाळायला सोसायटी बंदी घालू शकत नाही. पण तो रोज चार तास बाल्कनीत एकटा कोंडला जाऊन भुंकत असेल तर त्रास त्यालाही होतोय. मालकाला तेवढंच सांगा. ते ‘तुमचा कुत्रा’पासून सुरू करू नका.

मुलगी तबला शिकते. शेजारी कुरकुर करतात. रियाज बंद करायचा का?

मुळीच नाही. वेळ बांधून घ्या आणि ती शेजाऱ्यांना सांगा. कानाला त्रास आवाजाइतकाच अनिश्चिततेचा होतो. संध्याकाळी साडेसहा ते साडेसात तबला वाजणार हे ठाऊक असलं की माणूस त्या वेळी भाजी आणायला जातो. सामाईक भिंतीपासून दूर बसवा, खाली जाड सतरंजी घाला. रात्री दहानंतर हात मांडीवर वाजवावा, बोल तोंडाने म्हणावेत. आणि कधीतरी शेजाऱ्यांना बोलावून एक पूर्ण तीनताल ऐकवा. आमच्याकडे कुरकुरणारे जोशीकाका त्यानंतर मात्रा मोजायला लागले.

गाड्यांच्या हॉर्नचं काय?

विनाकारण हॉर्न वाजवला तर मोटार वाहन कायद्यातल्या कलम १९४ फ प्रमाणे पहिल्यांदा एक हजार, पुन्हा केला तर दोन हजार रुपये दंड. मुंबई पोलिसांनी २०२० च्या सुरुवातीला काही चौकांत गंमत केली होती: सिग्नलला आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे आकडे पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागायचे. जितका हॉर्न जास्त तितकं थांबणं जास्त. तसं काहीतरी आमच्या पार्किंगच्या गेटला हवं होतं, जिथे वॉचमनला उठवायला लोक रात्री एकला हॉर्न देतात. वॉचमनचा मोबाइल नंबर गेटवर मोठ्या अक्षरांत लिहिल्यावर ते पुष्कळ कमी झालं. रिव्हर्स घेताना वाजणारी गाण्याची धून मात्र काढूनच टाका.

दिवाळीचे फटाके?

रात्री दहा ते सहा आवाजी फटाके बंद, शांतता क्षेत्रात कधीच नाहीत. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाळीला रात्री ८ ते १० अशी वेळ घालून दिली होती. नरक चतुर्दशीला पहाटे चारला लवंगी-सुतळीची माळ लावण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे; नियमाने पाहिलं तर ती सहानंतरची गोष्ट.

आमच्याकडेच घरगुती कार्य आहे. आम्ही काय काळजी घ्यावी?

स्पीकर लावणार असाल तर पोलीस ठाण्याची लेखी परवानगी आठ-दहा दिवस आधी काढा. डीजेवाल्याला सुपारी देतानाच ‘पावणेदहाला शेवटचं गाणं’ हे ठरवून घ्या, हळदीला रंगात आलेल्या मामांच्या भरवशावर ते सोडू नका. स्पीकरची तोंडं इमारतींकडे नको, आत मांडवाकडे वळवा. बेस कमी करायला सांगा. भिंती आणि काचा हादरतात त्या बेसमुळे.

आणि दोन दिवस आधी लिफ्टजवळ चिठ्ठी लावा. आम्ही लावायचो तिचा मजकूर देतो, वापरायचा तर वापरा: ‘नमस्कार. शनिवारी आमच्या मुलीची हळद आहे. संध्याकाळी सहा ते पावणेदहा खालच्या मोकळ्या जागेत गाणी असतील. कोणाकडे आजारी माणूस असेल, परीक्षा असेल तर कृपया आजच सांगा, आम्ही आवाज आणि जागा त्याप्रमाणे बदलू. त्रास झालाच तर या नंबरवर मलाच फोन करा. आणि जेवायला नक्की या.’ खाली नाव, फ्लॅट नंबर आणि जो माणूस त्या संध्याकाळी खरोखर फोन उचलेल, त्याचा नंबर. नवरीच्या वडिलांचा नको, ते त्या दिवशी कोणाचाच फोन उचलत नाहीत.